मुलगा एनडीएची तयारी करतोय. त्याच्या शेजारी बसून कोणते युद्धपट बघू?

चष्मेवाला (सातारा)

नमस्कार मंडळी.

साताऱ्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघतो. मुलगा बारावीला आहे आणि एनडीएच्या, म्हणजे फौजी अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीच्या प्रवेशाच्या, मागे लागलाय. पहाटे साडेपाचला अजिंक्यताऱ्याच्या चढावर पळायला जातो, आल्यावर आंघोळ करून गणितं सोडवायला बसतो. रविवारी रात्री जेवणं झाली की आम्ही बापलेक मिळून एक सिनेमा बघतो. निवड बहुतेक वेळा त्याची असते आणि तो युद्धपटच लावतो. वर्षभरात आपल्याकडचे आणि हॉलिवूडचे मिळून बरेच बघून झाले.

त्याने फौजेत जायला माझी ना नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात फौज नवी नाही. आजोबांचे मोठे भाऊ, आम्ही त्यांना थोरले आबा म्हणतो, दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीला गेले ते परत आलेच नाहीत. देवघराशेजारच्या फडताळात त्यांचं चांदणीच्या आकाराचं पदक आहे आणि घड्यांवर चिरलेला इंग्रजी टाइप केलेला एक कागद आहे. दसऱ्याला त्यांना हळदकुंकू लागतं. फोटो मात्र एकही नाही. ते दिसायला कसे होते हे सांगणारं आता घरात कुणी उरलेलं नाही.

त्यामुळे पडद्यावर एखादा मिसरूड न फुटलेला शिपाई पडला की मला ते फडताळ आठवतं. नेमकं तेव्हाच ढोल सुरू होतात, व्हायोलिनं चढत जातात आणि मिनिटाभरात नायक दहा जणांना लोळवतो. मुलगा सरसावून बसतो. मी मात्र त्या पडलेल्या पोराला शोधत राहतो. कॅमेरा पुन्हा त्याच्याकडे फिरकत नाही. अशा सिनेमांवरचा माझा विश्वास हळूहळू उडत गेला.

दोन महिन्यांपूर्वी एक गिऱ्हाईक म्हणाले, "तुमच्या व्यवसायातल्या माणसावर एक माहितीपट आहे, बघाच." 'द लुक ऑफ सायलेन्स', २०१४चा, दिग्दर्शक जोशुआ ओपनहायमर. इंडोनेशियात १९६५-६६ साली लष्कराने आणि त्याने हाताशी धरलेल्या टोळ्यांनी कम्युनिस्ट ठरवून किमान पाच लाख माणसं मारली. काहींच्या मते आकडा दहा लाखांच्या घरात जातो. मारणाऱ्यांना शिक्षा झाली नाही. ते गावातच राहिले, पदं भोगली, म्हातारे झाले. आदी नावाचा माणूस त्याच मुलखात चष्मे करून देतो. त्याचा मोठा भाऊ रामली त्या कत्तलीत मारला गेला, आदीच्या जन्माच्या आधी. हा माणूस मारेकऱ्यांच्या घरी जातो, त्यांचे डोळे तपासतो, आणि तपासता तपासता भावाबद्दल विचारतो.

हे काम मी गेली बावीस वर्षं करतोय. ट्रायल फ्रेम कानांवर चढवायची, स्क्रू फिरवून नाकावर बसवायची, पेटीतून एक भिंग काढायचं, दुसरं घालायचं, आणि विचारायचं, "आत्ताचं बरं, की आधीचं?" तेव्हा समोरच्याचं तोंड आपल्यापासून वीतभर लांब असतं. तंबाखूचा वास येतो, पापण्यांवरचा कोंडा दिसतो. ती दोन-चार मिनिटं माणूस आपल्यावर पूर्ण भिस्त टाकून बसलेला असतो, सांगू तिकडे बघतो. आदीच्या समोर तसाच एक म्हातारा बसलाय, डोळ्यांवर लाल कडांची ट्रायल फ्रेम. आणि तो सांगतो की, वेड लागू नये म्हणून आम्ही मारलेल्यांचं रक्त प्यायचो. आदीचा आवाज चढत नाही. प्रश्न थोडे खोलात गेल्यावर तो म्हाताराच चिडतो, हे राजकारण कशाला काढतोस म्हणतो. मागे संगीत नाही, नुसते रातकिडे. मी ते दृश्य तीनदा मागे नेऊन पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुकानात पहिलं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं तेव्हा मला क्षणभर फ्रेम उचलवेना.

मग त्याच दिग्दर्शकाचा आधीचा, २०१२चा 'द अ‍ॅक्ट ऑफ किलिंग' पाहिला. त्यातला अन्वर काँगो हा मेदान शहरातला माणूस, आधी सिनेमाची तिकिटं ब्लॅकने विकायचा. स्वतःच सांगतो की अमेरिकन सिनेमे बघून नाचत बाहेर पडायचो, त्याच धुंदीत रस्ता ओलांडून समोरच्या कचेरीत जायचो आणि माणसं मारायचो. रक्त फार सांडतं म्हणून तारेने गळा आवळायची पद्धतही गुंडांच्या सिनेमांतून उचललेली. ती तार कशी आवळायची ते गच्चीवर करून दाखवतो आणि मग तिथेच नाचतो. सिनेमा संपल्यावर नावं येतात तेव्हा काम करणाऱ्या स्थानिक माणसांच्या जागी ओळीने 'अनामिक, अनामिक' असं येत राहतं. सगळं घडून सत्तेचाळीस वर्षं उलटली होती, तरी नाव द्यायची सोय नव्हती. मला त्या नावांनीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

'द फॉग ऑफ वॉर' (२००३) मी मुलाबरोबर लावला. त्यातले रॉबर्ट मॅकनामारा, व्हिएतनाम युद्धाच्या काळातले अमेरिकेचे संरक्षणमंत्री, थेट आपल्या डोळ्यांत बघून बोलतात. दिग्दर्शक एरॉल मॉरिस यांनी त्यासाठी खास आरशांचं यंत्र केलं होतं. मला वाटलं होतं, पोरगं गणितातलं आहे, मॅकनामाराही आकड्यांचा माणूस, दोघांचं जमेल. मार्च १९४५मध्ये टोकियोवर एका रात्रीत आगीचे बॉम्ब टाकून लाखभर माणसं मारली, त्या मोहिमेच्या हिशेबात आपणही होतो, आणि आपण हरलो असतो तर युद्धगुन्हेगार ठरलो असतो, असं तो माणूस पंच्याऐंशीव्या वर्षी सांगतो. पण मुलगा विसाव्या मिनिटाला म्हणाला, "पप्पा, हे आजोबा नुसते बोलतायत." आणि झोपायला गेला.

आता माझा प्रश्न. 'कम अँड सी' (१९८५) मी एकट्याने पाहिलाय. दुसऱ्या महायुद्धात बेलारूसमधला पंधरा-सोळा वर्षांचा फ्लोरा हौसेने पार्टिझनांत, म्हणजे जर्मनांशी लढणाऱ्या गनिमी टोळीत, जातो. एलेम क्लिमोव यांचा हा शेवटचा सिनेमा, यानंतर त्यांनी एकही केला नाही. बॉम्ब पडल्यावर फ्लोराच्या कानांत जी शिट्टी वाजते ती आपल्यालाही ऐकू येत राहते आणि माणसांचे शब्द त्याखाली बुडतात. गावकऱ्यांना कोठारात कोंडून जाळतात तिथे मी बंद केला, दुसऱ्या दिवशी उरलेला पाहिला. शेवटी पाटी येते की बेलारूसमधली ६२८ गावं माणसांसकट जाळली गेली. फ्लोराचं वय आणि माझ्या मुलाचं वय जवळजवळ एकच. हा त्याला दाखवावा का? दाखवला तर 'पप्पा आडून आडून मला थांबवतायत' असं त्याला वाटेल, आणि ते मला नको आहे. त्याला जे करायचंय ते त्याने डोळे उघडे ठेवून करावं एवढंच मला हवंय.

माहितीपट, राजकीय सिनेमा, युद्धपट, काहीही चालेल. पण तुम्ही स्वतः पाहिलेलं सांगा.

पलटणवाला

चष्मेवाले भाऊ, राम राम.

मी तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. अठ्ठावीस वर्षं नोकरी, त्यातली बरीच डोंगरात. डाव्या कानाने कमी ऐकू येतं. तुम्ही लिहिलेला 'कम अँड सी' मागे नातवाने मोबाइलवर लावून दिला होता. ती कानातली शिट्टी शंभर टक्के खरी आहे. तोफ डागली की आवाज आधी छातीत बसतो, मग कान बंद होतात. शेजारचा ओरडत असतो आणि तुम्हाला फक्त त्याचे ओठ हलताना दिसतात. हे कुठल्याच हिंदी सिनेमात मी बघितलं नाही. तिथे तोफा चालू असताना लोक संवाद म्हणतात.

पण भाऊ, आपल्या सिनेमांना सरसकट खोटं म्हणू नका. 'बॉर्डर' १९९७ला आला तेव्हा आम्ही युनिटमध्ये पडदा लावून बघितला. लोंगेवालाची लढाई डिसेंबर १९७१ची. २३ पंजाबचे सव्वाशेच्या आत जवान आणि मेजर कुलदीपसिंग चांदपुरी रात्रभर ठाण मांडून राहिले आणि उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली. आपल्या बाजूचे दोन जवान गेले. सिनेमात किती मारलेत बघा. ज्या तरुण लेफ्टनंटला त्यात वीरमरण दाखवलंय ते प्रत्यक्षात जिवंत परतले. मला हे पटत नाही. रात्रभर पाय रोवून उभं राहणं पुरेसं मोठं होतं, त्यात मरण वाढवायची गरज नव्हती.

आता दुसरी बाजू. त्याच सिनेमात घरची पत्रं येतात ते गाणं लागलं तेव्हा तंबूत एक माणूस हलला नाही. पत्ता ५६ एपीओ, निळं आंतरदेशीय, आणि आईने दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं. माझी मुलगी झाल्याचं पत्र मला एकवीस दिवसांनी मिळालं. बर्फामुळे टपाल खालीच अडकलं होतं. ते पत्र मी पाठ होईपर्यंत वाचलं. गाणं कितीही फिल्मी असो, पत्र वाचणाऱ्याचं तोंड त्यांनी बरोबर पकडलंय.

पोराला चेतन आनंद यांचा 'हकीकत' दाखवा. १९६४चा, म्हणजे चीनच्या लढाईनंतर दोनच वर्षांनी केलेला, लडाखमधल्या जवानांचा. त्यात आपण जिंकत नाही. माघार घ्यायची असते, बरोबर जखमी असतात, दारूगोळा संपत आलेला असतो. ऑफिसर होणाऱ्या पोराला माघार कळली पाहिजे. पुढे जा म्हणणं सोपं आहे. किती माणसं मागे आणता येतील हे ठरवणं अवघड. थोरल्या आबांना माझा सलाम कळवा. तो कागद नीट वाचून बघा, त्यावर शिपाई नंबर असणार.

लॉ कॉलेज रोड

चष्मेवाले दादा, तुमचं लिखाण दोनदा वाचलं. मी पुण्यात कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते आणि वर्षाला दहा-बारा सिनेमे मुलांना दाखवते, म्हणून तुमच्या एका मुद्द्याला हरकत घेते. ढोल वाजला म्हणजे सिनेमा खोटा, असं नाही हो.

'द बॅटल ऑफ अल्जियर्स' मी पहिल्यांदा फिल्म आर्काइव्हमध्ये पाहिला, विद्यार्थी असताना. १९६६चा, गिलो पोंतेकोर्वो यांचा. अल्जीरियाने फ्रान्सपासून स्वातंत्र्य मिळवलं १९६२ला, म्हणजे जखमा ओल्याच होत्या. काळापांढरा, दाणेदार, बघताना वाटतं की जुनी वृत्तचित्रं जोडलीत. प्रत्यक्षात वृत्तचित्राचा एक फूटही त्यात नाही, सगळं उभं करून चित्रित केलेलं. बंडखोरांच्या नेत्याची भूमिका करणारे सादी यासेफ हे खऱ्या लढ्यातले नेते होते, सिनेमाच्या निर्मितीतही होते. व्यावसायिक नट जवळजवळ एकच, फ्रेंच कर्नल झालेले जाँ मार्तें.

त्यात तीन अल्जीरियन बायका युरोपियन बायकांसारख्या दिसाव्यात म्हणून आरशासमोर केस कापतात, कपडे बदलतात. तेव्हा ढोल वाजतो, नुसता ढोल, वाढत जाणारा. मग त्या टोपल्यांत बॉम्ब घेऊन नाक्यावरच्या सैनिकांसमोरून फ्रेंच वस्तीत जातात. एक जण कॅफेत बसते, टोपली स्टुलाखाली पायाने सरकवते, आणि समोर बघते. कॅमेरा तिच्या नजरेने एकेक चेहरा दाखवतो: पिणारी माणसं, हसणाऱ्या मुली, आइस्क्रीम खाणारं एक लहान मूल. ती ते मूल बघते आणि उठून जाते. मी दरवर्षी इथे वर्गाकडे बघते. लढा बरोबर म्हणणारी मुलं इथे खाली बघतात. पुढे अल्जीरियन घरं उडाल्यावर ढिगाऱ्यातून प्रेतं काढताना जे दुःखाचं संगीत आहे, तेच फ्रेंच प्रेतं काढतानाही आहे. हे संगीतकार एन्यो मोरिकोने आणि पोंतेकोर्वो यांनी मुद्दाम केलं. म्हणजे संगीत कुणाच्या बाजूने रडतंय ते बघायचं.

फ्रान्समध्ये तो काही वर्षं दाखवू दिला नाही, आणि २००३ मध्ये इराक युद्धाच्या वेळी पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, आपल्या अधिकाऱ्यांना मुद्दाम दाखवला. एकाच सिनेमातून लढणाऱ्यांनी धडे घेतले आणि दडपणाऱ्यांनीही. तुमच्या मुलाने कर्नलची पत्रकार परिषद नीट ऐकावी. छळाबद्दल पत्रकार विचारतात तेव्हा तो उलट त्यांनाच विचारतो की फ्रान्सने अल्जीरियात राहावं असं तुम्हाला वाटतं ना? मग परिणामही स्वीकारा. तो कर्नल राक्षस दाखवलेला नाही. हुशार, शिस्तीचा, आपलं काम चोख करणारा आहे. गणवेश घालणाऱ्या मुलाने भेटायलाच हवा असा माणूस.

आणखी एक, आपल्या जवळचं. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड'. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. त्यानंतर काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धन यांनी या सिनेमावर चौदा वर्षं काम केलं. तीन तासांच्या वर आहे, पण लांबीला घाबरू नका, निम्मा सिनेमा गाणीच आहेत, आणि कसली गाणी! तुमच्या मुलाला कदाचित पुढे कधी स्वतःच्याच देशातल्या जमावासमोर उभं राहावं लागेल, हातात हुकूम असेल. त्याआधी त्याने जमावातल्या एका घरात शिरून बघितलेलं असावं असं मला वाटतं. या पोरांना मी 'माहितीपट' हा शब्दच सांगत नाही. नुसतं म्हणते, उद्या तीनला या, एका शाहिराची गोष्ट आहे.

मिशन खडकवासला

काका, माझा दुसरा प्रयत्न आहे, पहिल्या वेळी एसएसबीत, म्हणजे फौजेच्या निवड मुलाखतीत, पाचव्या दिवशी बाहेर पडलो. म्हणून खरं सांगतो, राग मानू नका. परीक्षेच्या आधी त्याला जळणारी गावं दाखवू नका. मुलाखतीत विचारतात की फौजेत का यायचंय, तेव्हा आतून उत्तर यावं लागतं. माझं उत्तर एका सिनेमातूनच आलं. सातवीत होतो, गावच्या शाळेत १५ ऑगस्टला प्रोजेक्टरवर दाखवला होता. त्या दिवसापासून पळायला लागलो ते आजपर्यंत. ढोल वाजत असेल त्यात, पण मी उठलो ना. एवढं खोटं असतं तर पाच वर्षं टिकलं नसतं. बाकीचं सगळं निवड झाल्यावर बघू द्या त्याला. तीन वर्षं तिथे वाचनालय आहे, शिकवणारे आहेत.

इसारकाठची

नमस्कार. मी म्युनिकला राहते, माझी मुलगी इथे नववीत आहे. 'मिशन खडकवासला' यांचं म्हणणं मनापासून आहे हे कळतं, तरीही एक सिनेमा सुचवते, कारण तो सोळा वर्षांच्या मुलांचाच आहे आणि त्यात 'कम अँड सी'सारखा अंगावर येणारा भाग बराच कमी आहे.

'डी ब्रुके', म्हणजे 'पूल'. १९५९चा, बर्नहार्ड विकी यांचा, जर्मन, काळापांढरा. युद्ध संपायला दोन आठवडेही उरलेले नाहीत आणि एका छोट्या गावातल्या सात शाळकरी मुलांना भरतीचं पत्र येतं. मुलं आनंदाने नाचतात. त्यांच्या शिक्षकाच्या विनंतीवरून वरचा अधिकारी त्यांना मुद्दाम गावातल्याच बिनमहत्त्वाच्या पुलावर ठेवतो. पूल आपलंच सैन्य उडवणार आहे, तोवर पोरं सुरक्षित राहतील असा त्याचा हिशेब. पण बरोबरचा अनुभवी कॉर्पोरल, पळपुटा समजून, आपल्याच लोकांकडून मारला जातो. मागे सातच पोरं उरतात, आणि त्यांना कुणीच सांगितलेलं नसतं की या पुलाला काही अर्थ नाही.

त्यातला सगळ्यात लहान मुलगा झिगी. विमान आलं म्हणून तो जमिनीवर पालथा पडतो तेव्हा बाकीचे त्याला भित्रा म्हणून चिडवतात. पुढच्या वेळी विमान येतं तेव्हा सगळे पालथे पडतात आणि झिगी उभा राहतो. एवढंच. मी हा इथे मुलीबरोबर पाहिला. शेवटच्या पाटीवर लिहिलंय की हे २७ एप्रिल १९४५ला घडलं आणि ते इतकं किरकोळ होतं की लष्कराच्या कुठल्याच निवेदनात त्याचा उल्लेख आला नाही.

मुलीने विचारलं, "आई, ते सगळे शूर होते ना?" होते. खरंच होते. तुमच्या मुलाला त्यात कुणी भित्रा म्हणून दाखवलंय असं वाटणार नाही.

चष्मेवाला (सातारा)

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितोय, कारण बघितल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

मिशन खडकवासला, बाळा, तुझं मी ऐकलं. 'कम अँड सी' तूर्त बाजूला ठेवलाय. आणि तुझ्या उठण्याला मी खोटं म्हणणार नाही, माझं पहिलं लिखाण त्या बाबतीत घाईचं होतं. ताईंनी सांगितलेला अल्जियर्सचा सिनेमा मी एकट्याने पाहिला. ढोलाबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो. त्या बाईने मुलाकडे बघितल्यावर ढोल कधीच थांबलेला असतो, आणि ती शांतताच मला सहन झाली नाही.

परवाच्या रविवारी आम्ही 'डी ब्रुके' बघितला. मी काहीच सांगितलं नव्हतं, फक्त 'तुझ्या वयाच्या पोरांचा आहे' एवढंच. भरतीचं पत्र आल्यावर ती मुलं नाचतात तेव्हा हाही हसला, मांडी घालून पुढे सरकला. झिगी उभा राहिला तिथे त्याने माझा हात धरला. बऱ्याच वर्षांनी. पुढे एक अमेरिकन सैनिक पोरांना ओरडून सांगतो की आम्ही लहान मुलांशी लढत नाही, घरी जा, बालवाडीत जा, आणि त्या शब्दाचा राग येऊन एक पोरगा त्याला पोटात गोळी घालतो. तो सैनिक मरेपर्यंत किंचाळत राहतो. तिथे मुलगा म्हणाला, "पप्पा, तो त्यांना वाचवत होता." मी 'हो' म्हणालो. नंतर शेवटपर्यंत कुणी बोललं नाही.

टीव्ही बंद केल्यावर त्याने मला विचारलं की थोरले आबा किती वर्षांचे होते. मला माहीत नव्हतं. मग पलटणवाले भाऊंनी लिहिलेलं आठवलं आणि फडताळातून तो कागद काढला. टाइपची शाई इतकी उडालीये की मला वाचवेना. दुकानातून दहा पटीचं लूप, म्हणजे बारीक बघायचं भिंग, आणलं, कागद ट्यूबलाइटखाली तिरका धरला, आणि पोराने एकेक आकडा वाचून वहीत उतरवला. एका जागी तीन आहे की आठ यावर आम्ही पाऊण तास घालवला. नंबर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे महायुद्धांत पडलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर टाकला. आधी तीन घालून काहीच आलं नाही. आठ घातल्यावर आलं.

शिपाई, ५ मराठा लाइट इन्फंट्री. डिसेंबर १९४३. वडिलांचं नाव, आमच्या गावाचं नाव मोडक्या इंग्रजीत, पुढे सातारा. वय २०. इटलीत सांग्रो नदीजवळच्या युद्धस्मशानात, दहन केलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मारकावर त्यांचं नाव कोरलेलं आहे. ऐंशी वर्षं आमच्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. पणजीने ते परत येतील म्हणून मरेपर्यंत दार आतून लावू दिलं नाही, असं आजी सांगायची.

दुसऱ्या दिवशी पोरगं साडेपाचला पळायला गेलं, रोजच्यासारखंच. येताना गावाकडच्या चुलत्यांना फोन करून सगळं सांगून आलं. येत्या रविवारी 'हकीकत' लावणार आहोत, त्याने स्वतःच शोधून ठेवलाय. 'जय भीम कॉम्रेड' दिवाळीच्या सुट्टीत, दोन बैठकांत.

एक विनंती आहे. ते स्मारक इटलीत किएती प्रांतात, तोरिनो दी सांग्रो गावाजवळ आहे. तिकडे कुणी मराठी माणूस राहत असेल, किंवा फिरायला जाणार असेल, तर त्या नावाचा एक फोटो काढून पाठवाल का? पूर्ण नाव आणि नंबर मी व्यक्तिगत निरोपात देईन. इसारकाठच्या ताई, तुमच्यापासून ते किती लांब पडतं मला ठाऊक नाही, म्हणून तुम्हाला भीड घालत नाही. फोटो आला की मोठा करून चौकटीत बसवायचा आहे. चौकट दुकानातल्या सुताराकडून आधीच करून घेतलीये.